न दिसणारी अक्षरे : टॅब आणि स्पेस

प्रस्तावना

लिहिताना आपण अक्षरांकडे लक्ष देतो; अक्षरांमधील मोकळ्या जागेकडे सहसा देत नाही. हाताने लिहिलेल्या वहीत मोकळी जागा म्हणजे कोरा कागदच असतो. संगणकाच्या फाइलीत मात्र कोरे असे काही नसते. तेथील प्रत्येक मोकळी जागासुद्धा एखाद्या अक्षराप्रमाणेच साठवलेली असते. ही अक्षरे दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यामुळे होणाऱ्या चुकाही लवकर दिसत नाहीत.

समजा, दिल्लीतील मयूर विहार येथे राहणाऱ्या काही मराठी कुटुंबांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी संगणकावर तयार केली. तिच्यात ‘नाव’, ‘जमा’ आणि ‘बाकी’ असे तीन स्तंभ होते. ‘सदाशिव’ या नावापुढे ‘जमा’च्या खाली ५०१ हा आकडा होता. ही यादी पुण्यातील हिशेबनीसांकडे गेली. त्यांच्या पडद्यावर तोच आकडा ‘बाकी’च्या खाली उमटला. ज्याने वर्गणी दिली, तो थकबाकीदार ठरला! फाइलीतले एकही अक्षर कोणी बदलले नव्हते. मग हे झाले कसे? या पाठात आपण त्याचे उत्तर शोधू आणि असे होऊ नये म्हणून काय करावे, तेही शिकू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• टॅब आणि स्पेस यांतील फरक सांगता येईल;
• टॅबचे स्पेसमध्ये व स्पेसचे टॅबमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञा वापरता येतील;
• असे रूपांतर केव्हा करावे आणि केव्हा करू नये, हे ठरवता येईल.

१. टंकलेखन यंत्रापासून संगणकापर्यंत

‘टॅब’ हा शब्द टंकलेखन यंत्राकडून आला आहे. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतात टंकलेखन यंत्रे बनवण्यास आरंभ केला. पुढे महाराष्ट्रातील गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये अशा यंत्रांवर अनेक पिढ्यांनी टंकलेखनाचे धडे गिरवले. परीक्षेत पत्राबरोबर ‘स्टेटमेंट’, म्हणजे आकड्यांचा तक्ता, टंकावा लागे. दर वेळी स्पेसची पट्टी मोजून दाबत बसण्यापेक्षा टंकलेखक आधी स्तंभांच्या जागी थांबे लावून घेई. मग टॅबची कळ एकदा दाबली, की यंत्राची कॅरेज थेट पुढच्या थांब्यावर जाऊन उभी राही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टॅब म्हणजे ‘आठ जागा पुढे सरक’ अशी सूचना नव्हे; ‘पुढच्या थांब्यापर्यंत जा’ अशी ती सूचना आहे. कॅरेज थांब्याच्या जवळ असेल तर थोडे सरकते, दूर असेल तर जास्त सरकते.

संगणकाने हीच कल्पना उचलली. संगणकाच्या वर्णसंकेतात टॅबचा क्रमांक ९ आहे, तर स्पेसचा ३२. म्हणजे ही दोन निरनिराळी अक्षरे आहेत. स्पेस नेहमी एकच जागा व्यापते. टॅबची रुंदी मात्र फाइलीत लिहिलेली नसते. फाइल उघडणारा कार्यक्रम ती ठरवतो. टर्मिनलमध्ये सामान्यतः दर आठ जागांवर थांबा असतो. काही संपादक कार्यक्रमांत तो दर चार जागांवर ठेवलेला असतो.

आता वर्गणीच्या यादीचे कोडे सुटते. पुढील ओळींत → या चिन्हाच्या जागी टॅब आहे, असे समजा.

नाव→जमा→बाकी
सदाशिव→५०१→०

थांबे ८, १६ असे असतील, तर ‘जमा’ आठव्या जागेनंतर सुरू होते आणि ५०१ देखील तेथेच सुरू होतात. हिशेबनीसांच्या संगणकावर थांबे ४, ८, १२ असे होते. ‘नाव’ हा शब्द लहान, त्यामुळे ‘जमा’ पहिल्या थांब्यावर आणि ‘बाकी’ दुसऱ्या थांब्यावर गेले. ‘सदाशिव’ने मात्र पहिला थांबा आधीच ओलांडला होता. त्यामुळे त्याच्या पुढचा आकडा दुसऱ्या थांब्यावर, म्हणजे नेमका ‘बाकी’च्या खाली आला.

पाठगत प्रश्न १

(अ) टॅबची रुंदी कोण ठरवते?
(आ) थांबे दर आठ जागांवर असताना तीन जागांच्या शब्दानंतर आलेला टॅब किती जागा व्यापेल?

२. रूपांतराच्या आज्ञा

लिनक्स आणि मॅक या प्रणालींवर टर्मिनल नावाची खिडकी असते. तेथे आज्ञा टंकून काम करता येते. सी-डॅक या संस्थेने तयार केलेल्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्स प्रणालीतही ही सोय आहे. पुढील आज्ञा येथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना आज्ञेची अक्षरे व अंक रोमन लिपीत लिहावेत. फाइलीचे नाव मात्र मराठीत असले तरी चालते.

आधी पाहा. फाइलीत टॅब आहेत की नाहीत, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी लिनक्सवर ‘कॅट’ (सी-ए-टी) ही आज्ञा मोठ्या टी या पर्यायासह द्यावी :

कॅट -टी यादी

जेथे टॅब असेल, तेथे टोपीसारखे एक चिन्ह आणि त्यापुढे मोठे आय अक्षर दिसते. न दिसणारे अक्षर अशा रीतीने दृश्य होते.

टॅबचे स्पेस करणे. यासाठी ‘एक्स्पांड’ (ई-एक्स-पी-ए-एन-डी) ही आज्ञा आहे :

एक्स्पांड -टी ८ यादी > नवी-यादी

येथील टी लहान आहे आणि त्यापुढचा अंक थांब्यांमधले अंतर सांगतो. ही आज्ञा प्रत्येक टॅबच्या जागी पुढच्या थांब्यापर्यंत लागतील तितक्याच स्पेस घालते. नावे लांब असतील, तर थांबे स्वतःही नेमता येतात. ‘-टी २४,३२’ असे लिहिल्यास चोविसाव्या व बत्तिसाव्या जागेवर थांबे लागतात. ओळीच्या आरंभीचेच टॅब बदलायचे असतील, तर लहान आय हा पर्याय द्यावा.

काही जण ‘शोधा आणि बदला’ या सोयीने प्रत्येक टॅबच्या जागी सरसकट चार स्पेस घालतात. त्यामुळे स्तंभ बिघडतात. कारण टॅब कधी एक जागा व्यापतो, तर कधी सात. तो सर्वत्र चार जागांचा नसतो.

स्पेसचे टॅब करणे. याची आज्ञा ‘अनएक्स्पांड’. एक्स्पांडच्या आधी यू-एन ही अक्षरे जोडावीत. कोणताही पर्याय न दिल्यास ही आज्ञा ओळीच्या आरंभीच्याच स्पेस बदलते. ओळीत इतरत्र असलेल्या स्पेसही बदलायच्या असल्यास लहान ए हा पर्याय द्यावा लागतो. मात्र एक्स्पांड करून पुन्हा अनएक्स्पांड केले, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळेल, असे समजू नका. जेथे टॅबने एकच जागा व्यापली होती, तेथे एकच स्पेस उरते आणि ती साध्या स्पेसपेक्षा वेगळी ओळखता येत नाही.

सर्वांत मोठा धोका. वरील आज्ञेत > या चिन्हाच्या डाव्या बाजूला ‘यादी’ आणि उजव्या बाजूला ‘नवी-यादी’ आहे. दोन्हीकडे एकच नाव कधीही लिहू नका. उजवीकडील फाइल संगणक आधी रिकामी करतो आणि मग आज्ञा चालवतो. तीच फाइल डावीकडेही असेल, तर आज्ञेला वाचायला काहीच उरत नाही. संपूर्ण यादी नाहीशी होते. सूचनाही मिळत नाही. म्हणून नेहमी नव्या नावाने फाइल करावी. नंतर पुढील आज्ञेने तुलना करावी :

डिफ -डब्ल्यू यादी नवी-यादी

‘डिफ’ची अक्षरे डी-आय-एफ-एफ अशी आहेत, डब्ल्यू लहान लिहावा. ही आज्ञा मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करून उरलेला मजकूर पडताळते. तिने काहीच दाखवले नाही, तर मजकूर सुरक्षित आहे, असे समजावे.

पाठगत प्रश्न २

(अ) फाइलीतील टॅब पाहण्यासाठी कोणती आज्ञा वापराल?
(आ) > या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकाच फाइलीचे नाव लिहिल्यास काय होईल?

३. रूपांतर केव्हा करू नये?

साधन हाती आले, की ते सर्वत्र चालवण्याचा मोह होतो. पुढील यादी पाहा. तीत दिल्ली मेट्रोची मयूर विहारमधील तीन स्थानके आणि ती सुरू झाल्याची वर्षे आहेत.

मयूर विहार-१→२००९
मयूर विहार एक्स्टेंशन→२००९
मयूर विहार पॉकेट-१→२०१८

या नावांतच स्पेस आहेत. नाव कोठे संपते आणि वर्ष कोठे सुरू होते, हे संगणकाला केवळ टॅबमुळे समजते. ‘कट -एफ २’ अशी आज्ञा दिल्यास (सी-यू-टी, आणि लहान एफ) संगणक दुसरा स्तंभ, म्हणजे वर्षे, अचूक काढून देतो. हेच टॅब आपण स्पेसमध्ये बदलले, तर ‘मयूर’ आणि ‘विहार’ यांच्यामधील जागा व नाव आणि वर्ष यांच्यामधील जागा एकाच जातीच्या होतात. माणसाला फरक कळेल; यंत्राला कळणार नाही. म्हणून ज्या फाइलीत टॅब हा स्तंभ वेगळे करणारी खूण आहे, तेथे त्याला हात लावू नये.

दुसरे उदाहरण संगणकाच्या आज्ञावलींचे आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ नावाचे साधन तयार केले. त्याच्या फाइलीत आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. ही योजना अडचणीची आहे, हे त्यांच्या लवकरच ध्यानी आले. पण तोवर डझनभर लोक ते साधन वापरू लागले होते आणि त्यांना त्रास नको, म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. तो आजही पाळावा लागतो. टॅबऐवजी स्पेस आली, की काम थांबते. याउलट ‘पायथन’ या भाषेच्या शैलीनियमांत चार स्पेसची शिफारस आहे. २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, टॅब आणि स्पेस विसंगत रीतीने मिसळल्यास आज्ञावली चालतच नाही.

४. मराठी मजकुराची विशेष अडचण

एक्स्पांड ही आज्ञा रोमन लिपीच्या काळात घडली. तेथे एक अक्षर म्हणजे एक बाइट, असा हिशेब होता. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. उकार आणि वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. लिनक्सवरील अनेक आवृत्त्यांत ही आज्ञा अक्षरे न मोजता बाइट मोजते. किराणा मालाच्या यादीत ‘मध’ आणि ‘गूळ’ हे शब्द आहेत, असे समजा. पडद्यावर दोन्ही दोन-दोन जागा व्यापतात. त्यामुळे आठव्या जागेपर्यंत जाण्यासाठी दोघांनाही सहा स्पेस हव्यात. पण ‘मध’चे सहा बाइट होतात, म्हणून आज्ञा दोनच स्पेस घालते. ‘गूळ’मधील ग, दीर्घ उकार आणि ळ मिळून नऊ बाइट होतात, आठचा थांबा ओलांडला गेल्याने आज्ञा सोळापर्यंत मोजते आणि सात स्पेस घालते. परिणामी एकाचा भाव चौथ्या जागेनंतर, तर दुसऱ्याचा नवव्या जागेनंतर सुरू होतो. सरळ करायला घेतलेली यादी वाकडी होते.

यात चूक तुमची नसते, आपल्या लिपीचीही नसते. मोजण्याची रीत एका लिपीपुरती ठरवली गेली, हे त्यामागचे कारण आहे. म्हणून मराठी याद्यांसाठी सुरक्षित मार्ग असा : मूळ फाइलीत टॅब तसेच ठेवावेत आणि छापण्यासाठी किंवा पाठवण्यासाठी ती तक्त्याच्या कार्यक्रमात उघडावी. तेथे प्रत्येक टॅब नवा रकाना उघडतो. मग नाव कितीही लांब असो, आकडा आपल्या जागी राहतो आणि सदाशिवची वर्गणी ‘जमा’तच दिसते.

तुम्ही काय शिकलात?

• टॅब आणि स्पेस ही दोन निरनिराळी अक्षरे आहेत. टॅब पुढच्या थांब्यापर्यंत नेतो. थांबे कोठे, हे फाइल उघडणारा कार्यक्रम ठरवतो.
• एक्स्पांड टॅबचे स्पेस करते, अनएक्स्पांड स्पेसचे टॅब करते. मूळ फाइल नेहमी जपून ठेवावी.
• टॅब ही स्तंभांची खूण असेल, तर रूपांतर करू नये.
• मराठी मजकुरात या आज्ञांचे मोजमाप चुकू शकते. निकाल तपासूनच वापरावा.

पाठान्त प्रश्न

१. एकच यादी दोन संगणकांवर वेगवेगळी का दिसते, ते स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. प्रत्येक टॅबच्या जागी सरसकट चार स्पेस घालणे आणि एक्स्पांड आज्ञा वापरणे, यांत काय फरक आहे?
३. तुमच्या घरच्या किंवा कामावरच्या एखाद्या यादीत टॅब ठेवावेत की स्पेस, हे कारणांसह आठ-दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) फाइल उघडणारा कार्यक्रम. (आ) पाच जागा.
२. (अ) कॅट, मोठ्या टी या पर्यायासह. (आ) फाइल रिकामी होईल आणि मजकूर नाहीसा होईल.