दहा महिन्यांचें शेवटचें स्टेशन

करमाळ्याच्या माणसास आगगाडी म्हटली कीं जेऊर आठवतें. गांवापासून तें सुमारें ११ मैल. तेव्हां लग्नाचें वऱ्हाड असो कीं पुण्यास शिकावयास निघालेला मुलगा असो, आधीं बैलगाडी आणि मग आगगाडी, हा येथील क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. परंतु जेऊरास रूळ पोंचण्यापूर्वीं भीमेच्या पलीकडील डिकसळ या इंदापूर तालुक्यांतील लहानशा खेड्यास एक मोठा मान मिळाला होता.

१५ डिसेंबर १८५८ रोजीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें पुण्यापुढील मार्ग डिकसळपर्यंत खुला केला. समोर भीमेचें पात्र आडवें. तेव्हां गाडी येथेंच थांबे. बोरघाटांतील रूळही त्या वेळीं तयार नव्हते. मुंबईचा उतारू घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस उतरे, घाट चढून खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसे, डिकसळास पुन्हां उतरे आणि करमाळ्याकडे जावयाचें तर नदी ओलांडून बैलगाडी शोधी! आपणांस ही यातायात वाटते. सारी वाट छकड्यांतून तुडविणाऱ्यांस मात्र ती चैनच वाटली असेल.

२३ ऑक्टोबर १८५९ रोजीं गाडी पूल ओलांडून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे कुर्डुवाडीपर्यंत, गेली. ६ जून १८६० रोजीं सोलापुरास पोंचली. डिकसळ वाटेवरचें एक साधें स्टेशन झालें. महत्त्व करमाळे तालुक्यांत आलें: पोमलवाडी, जेऊर आणि कुंकवासाठीं नांवाजलेलें केम.

पुढें उजनीचें धरण आलें. तें १९८० सालीं पुरें झालें. भीमाकांठची काळी जमीन, पोमलवाडी, केतूर यांसारखीं गांवें आणि जुना लोहमार्ग पाण्याखालीं जाणार, म्हणून रूळ नव्या वाटेनें वळविले, घरें उंचावर हलविलीं. एका केतूरचीं दोन झालीं, क्रमांक एक व क्रमांक दोन. आगगाडीस नवी वाट मिळाली. ज्यांची शेतें बुडालीं त्यांचा हिशेब इतका सोपा नव्हता.

पूल तेवढा राहिला. ज्यानें डिकसळचा मान हिरावला, त्याच्यावरचे रूळ निघाले आणि तोच पुढें कित्येक वर्षें करमाळे व इंदापूर हे दोन तालुके जोडीत राहिला. आगगाडीसाठीं बांधलेल्या त्या अरुंद दगडी वाटेवरून मोटारी, उंसाच्या गाड्या आणि शाळेचीं मुलें जात, आणि दोन्ही अंगांस उजनीचें पाणी असे.