जुहूची खाली बसवलेली गाडी गावात आणताय? आधी स्प्रिंग बघा

आमच्या जुन्नर तालुक्यातली पोरं आता जुनी गाडी घ्यायला थेट मुंबई गाठतात. मोबाईलवर फोटो बघायचा, जुहू-अंधेरीला जायचं आणि एमएच ०२ पासिंगची गाडी घेऊन माळशेज घाटाने वर यायचं. माझ्या पुतण्यानेही जुहूतून अशीच एक जोरदार पिकअपची गाडी आणली. जमिनीला चिकटल्यासारखी दिसत होती, त्यावरच तो भाळला. गावच्या पहिल्याच गतिरोधकावर चेंबर घासलं आणि अंगणात ऑइलचे थेंब पडू लागले. स्प्रिंग बदलल्याचं विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं.

स्प्रिंग का बदलतात?
आखूड आणि कडक स्प्रिंग टाकली की गाडी खाली बसते, वळणावर कमी झुकते, वेगात स्थिर वाटते. गुळगुळीत रस्त्यावर हे ठीक. आपल्याकडे मात्र हिशेब वेगळा पडतो.

समजा, गाडीचं पोट जमिनीपासून १६५ मिलिमीटर वर आहे. चार माणसं आणि सामानामुळे एका चाकावर ७५ किलो वजन वाढलं. मूळ स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला अडीच किलो लागत असतील, तर गाडी ३० मिलिमीटर बसेल. उरले १३५. आता ४० मिलिमीटर खाली बसवलेली गाडी घ्या. तिची स्प्रिंग साडेतीन किलोची धरली तर ती २१ मिलिमीटरच दबेल, पण उरतात फक्त १०४.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्याचा चढ हळू असल्याने गाडी सहज जाते. पण गावात लोकांनी टाकलेले गतिरोधक अरुंद असतात. दोन चाकांच्या मधे १० सेंटीमीटरचा उंचवटा आला की पोटाखाली ४ मिलिमीटर राहतात! ब्रेक मारला तर नाक आणखी खाली जातं.

हे जुगाड नको
काही जण मूळ स्प्रिंगच कापतात. वेढे कमी झाले की स्प्रिंग आणखी कडक होते आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. गाडी उचलायला वेढ्यांत रबर घालणंही तसंच. रबराजवळचे वेढे काम थांबवतात, ताण बाकीच्यांवर येतो. नुसती कडक स्प्रिंग टाकून जुने शॉकअप ठेवले तर गाडी उड्या मारते, टायर रस्ता सोडतो.

बदलायचीच असेल तर
- त्याच मॉडेलची आणि त्याच इंजिनाची स्प्रिंग घ्या. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे पुढची स्प्रिंग वेगळी लागते.
- एका बाजूला दाट वेढे असलेली स्प्रिंग छोट्या खड्ड्यात मऊ राहते, वजन वाढलं की कडक होते. गावाला हीच बरी.
- डावी-उजवी जोडीनेच बदला. शॉकअप जुळणारे हवेत, नंतर अलाइनमेंट करून घ्या.

कायदा काय सांगतो?
निर्मात्याने दिलेल्या मूळ स्वरूपाच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही कळवा.

घेताना एवढं करा
खिशात टेप ठेवा. गाडीच्या पोटाची उंची मोजून कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. चाकात वाकून स्प्रिंगची टोकं बघा, कापल्याची खूण लपत नाही. चार जण बसवून गतिरोधकावरून न्या. आणि मूळ स्प्रिंग मागून घ्या, नाहीतर तेवढे पैसे किमतीतून कमी करा.

पुतण्याने शेवटी मूळ मापाच्या स्प्रिंगा टाकल्या. गाडी आता तेवढी रुबाबदार दिसत नाही, पण आजीला दवाखान्यात नेताना कुठे घासत नाही.