फासेपारध्यांची विद्या



एकदा वर्गात 'शिकारी' हा शब्द आला. मी फळ्यावर त्याच्याजवळ 'पारधी' असे लिहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, पारधी म्हणजे चोर ना?" मी त्याला रागावलो नाही. त्याने जे ऐकले होते तेच तो बोलला. पण त्याला उत्तर द्यायला एक तास पुरला नाही, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

शिकार हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. तो फारसीतून या दोन्ही भाषांत आला. मराठीत शिकारीला आणखी एक जुना शब्द आहे, तो म्हणजे पारध. पारध करणारा तो पारधी. पारध्यांत अनेक पोटजमाती आहेत. चित्तापारधी पाळलेल्या चित्त्याकडून काळविटाची शिकार करीत. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून हरणाजवळ जात. फासेपारधी फास लावून पशुपक्षी पकडत. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रात त्यांची वस्ती आढळते.

आपला गारखेडा आज शहराचा भाग आहे. पूर्वी ते शहराबाहेरचे खेडे होते. शहराच्या कडेला गवताची माळराने आजही थोडीफार उरली आहेत. पहाटे तिकडे गेलात, तर 'कतीतर, कतीतर' असा खणखणीत आवाज कानी पडेल. तो तितराचा आवाज. उत्तर भारतात काळा तितर असतो. त्याच्या आवाजात तेथील लोकांना 'सुब्हान तेरी कुदरत' असे शब्द ऐकू येतात. तुम्हाला फक्त आवाज ऐकू येईल. फासेपारध्याला मात्र त्या आवाजावरून पक्षी कोठे आहे आणि तो कोणत्या वाटेने येईल, हे कळत असे.

फास म्हणजे काय? फास म्हणजे ओढले की आवळणारी गाठ. तितरासाठी लहान फास लागत. ते घोड्याच्या शेपटीच्या केसांचे करीत. असे अनेक फास एका लांब दोरीला ओळीने बांधत आणि ती दोरी खुंट्यांनी जमिनीत पक्की करीत. गवतात हे फास सहज दिसत नसत. हरणासाठी जनावराच्या स्नायूंपासून वळलेली बळकट दोरी वापरत.

पण दोरी कोणीही बांधील. खरी विद्या पुढे आहे. तितर संकटात एकदम उडत नाही, आधी तो पळतो. म्हणून पारधी त्याला घाबरवत नसे. तो सावकाश चालत पक्ष्याला फासांच्या ओळीकडे वळवीत असे. दुसरी युक्ती याहून चतुर होती. नर तितर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला येऊ देत नाही. म्हणून पारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून नेई आणि त्याच्याभोवती फास लावी. पाळलेला तितर ओरडला की रानातला तितर चिडून भांडायला धावत येई आणि फासात अडके. पाहा, या शिकारीत बंदूक नाही. पक्ष्याच्या स्वभावाची पूर्ण ओळख, हेच पारध्याचे हत्यार.

या विद्येला नियमही होते. शास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. तो १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, फासेपारधी मुख्यतः फासाने हरणे व पक्षी पकडतात. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांची शिकार करतात. वैदू मुंगसासारखे लहान मांसाहारी प्राणी पकडतात. तिघे एकाच मुलखात फिरत, पण त्यांची शिकार वेगवेगळी असे. फासेपारध्यांची आणखी एक रीत होती. फासात गाभण हरणी किंवा पाडस सापडले, तर ते सोडून देत. आज पोट भरावे, पण उद्याचे बीज राखावे, हा त्यामागचा विचार.

मग अशा माणसांना चोर कोणी ठरवले?

ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, पुढे इतर प्रांतांतही आला. सतत फिरणाऱ्या लोकांवर सरकारचा विश्वास नव्हता. म्हणून जमातीच्या जमाती गुन्हेगारांच्या यादीत घातल्या गेल्या. त्यात फासेपारधीही होते. अशा जमातीत जन्मलेल्या मूलालाही गुन्हेगार समजले जाई. पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. परवान्याशिवाय दुसऱ्या गावी जाता येत नसे. ज्याचे पोट फिरण्यावर, त्याचे फिरणेच बंद झाले! स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्या दिवशी या जमाती मुक्त झाल्या. म्हणून ३१ ऑगस्ट हा दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. पण कागदावरचा शिक्का पुसला, तरी लोकांच्या मनातला शिक्का लवकर पुसत नाही. मागच्या बाकावरून आलेला प्रश्न त्याचीच खूण आहे.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तो आवश्यकच होता. बंदुका, जीपगाड्या आणि हौशी शिकारी यांनी जंगले रिकामी होत चालली होती. नांगराखाली माळरानेही कमी होत होती. या कायद्याने शिकारीवर बंदी आली. आजही तितर, लावा, ससा पकडणे हा गुन्हा आहे. रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा. आपण ज्याला बटेर म्हणतो, तोच मराठीतला लावा. कायद्याने प्राण्यांना आधार मिळाला, पण फासेपारध्याची उपजीविका गेली. त्याच्याजवळ ना शेत, ना शाळेचा दाखला. त्याची विद्याच आता गुन्हा ठरली.

तर मग ही विद्या फुकट गेली का? नाही. याचे एक उदाहरण तुमच्या माहितीतल्या नावाशी जोडलेले आहे. दिल्ली दरवाजाजवळचा सलीम अली तलाव तुम्ही पाहिला असेल. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, ते डॉ. सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. त्या एका प्रश्नातून शिकारी मुलाचा पक्षिशास्त्रज्ञ झाला.

पुढे या सोसायटीला दूरदेशाहून येणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास करायचा होता. त्यासाठी पक्षी जिवंत पकडून त्यांच्या पायात क्रमांकाचे वाळे घालायचे आणि त्यांना सोडून द्यायचे. तोच पक्षी पुन्हा कोठे सापडला, तर त्याचा प्रवास कळतो. पण पक्ष्याला इजा न करता त्याला पकडणार कोण? हे काम बिहारच्या मीरशिकार लोकांनी केले. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडणारे हे लोक. त्यांतील अली हुसेन यांचे कौशल्य पक्षिशास्त्रज्ञांत प्रसिद्ध झाले. जाळे तेच, हात तेच. फक्त आता पकडलेला पक्षी पुन्हा आकाशात जाऊ लागला.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. तणमोर हा गवतात राहणारा दुर्मीळ पक्षी आहे. पावसाळ्यात नर गवतातून वर उंच उड्या मारतो. तो आता जगात फार थोडा उरला आहे. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेबरोबर फासेपारधी तणमोर आणि त्याचे माळरान राखण्यासाठी काम करू लागले. तणमोर कोठे उतरतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मित्रांनो, शिकार पुन्हा सुरू व्हावी, असे मी म्हणत नाही. पण विद्या आणि गुन्हा यांतला फरक ओळखा. कोणीही माणूस जन्माने चोर नसतो. माळावर तितर ओरडला, तर क्षणभर थांबा. तो आवाज ऐकून तितराचा ठावठिकाणा सांगणारी माणसे आपल्याच मुलखात राहतात. त्यांची मुले तुमच्याच वयाची आहेत. त्यांना वर्गात तुमच्याशेजारी जागा मिळाली, तर तुम्ही त्यांना भाषा शिकवाल आणि ती तुम्हाला रान वाचायला शिकवतील.

शब्दार्थ

पोटजमात – जमातीतील लहान गट
गाभण – पोटात पिल्लू असलेली
पाडस – हरणाचे पिल्लू
मुलूख – प्रदेश
उपजीविका – पोट भरण्याचे साधन
विमुक्त – बंधनातून सुटलेला

स्वाध्याय

१. तितराला पकडण्याच्या दोन पद्धती तुमच्या शब्दांत लिहा.
२. फासेपारधी, नंदीवाले व वैदू यांच्या शिकारीत कोणता फरक होता?
३. '३१ ऑगस्ट' या दिवसाचे महत्त्व सांगा.
४. 'शिकार', 'कायदा', 'मुलूख' यांसारखे उर्दू व मराठीत सारखे असलेले आणखी पाच शब्द शोधून वाक्यांत वापरा.
५. तुमच्या आजोबांना किंवा आजींना विचारा : त्यांच्या लहानपणी कोणते पक्षी दिसत, जे आज दिसत नाहीत? आठ-दहा ओळी लिहा.