दोन खंजीर आणि एक टोपी

शेक्सपिअरचें ‘ज्यूलिअस सीझर’ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं वाचलें असेल, आणि सीझरवर घाव घालणाऱ्या ब्रूटसविषयीं त्यांच्या मनांत थोडाबहुत आदरहि असेल. त्या ब्रूटसनें पाडलेलें चांदीचें एक नाणें आहे. वजनानें जेमतेम तोळ्याचा तिसरा हिस्सा. नाटकांत न आलेली एक गोष्ट तें सांगतें.

मागील बाजूस दोन उभे खंजीर, त्यांच्यामध्यें एक टोपी, व खालीं ‘ईद मार’ अशीं रोमन अक्षरें. म्हणजे मार्चचा मध्य. ख्रिस्तपूर्व ४४ सालीं सीझरचा वध झाला ती १५ तारीख. धन्यानें गुलामास मुक्त केलें म्हणजे तो अशी टोपी डोक्यावर घाली, त्यामुळें अक्षरशत्रु शिपायासहि तिचा अर्थ सांगावा लागत नसे. खंजिरांच्या मुठी मात्र सारख्या नाहींत. म्हणून एक ब्रूटसचा व दुसरा त्याचा साथीदार कॅशिअसचा, असें मानण्यांत येतें. खून करून तो लपविणारे पुष्कळ; हत्यार आणि तिथि नाण्यावर ठोकून तें फौजेच्या हातांत देणारा हा एकच आम्हांस ठाऊक आहे.

आतां नाणें उलटें करावें. पुढील बाजूस मस्तक आहे तें खुद्द ब्रूटसचें! यांत काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. परंतु रोमच्या नाण्यांवर देवदेवता असत, फार तर दिवंगत पूर्वज. हयात माणसाचा चेहरा घालण्याची चाल नव्हती. पूर्वीं टांकसाळीचा अधिकारी असतांना ब्रूटसनेंहि स्वातंत्र्यदेवतेचीं, आणि राजा टार्क्विन यास हांकून देणाऱ्या आपल्या पूर्वजाचीं नाणीं पाडलीं होतीं. ती चाल रोममध्यें मोडली सीझरनें, ४४ च्या आरंभीं. आणि अवघ्या दोन वर्षांत ब्रूटसहि तेंच करून बसला. फौजेचा पगार भागवावयाचा होता, व तो कोणाच्या हातून मिळतो हें शिपायांस दिसावयास हवें होतें, हें खरें. तरीहि त्यास दांभिक म्हणावें कीं अगतिक, याविषयीं आमच्या मंडळींत दोन तट आहेत. आम्ही अगतिकच म्हणूं.

ख्रिस्तपूर्व ४२ सालींच फिलिप्पीच्या रणांगणावर पराभव होऊन त्यानें आत्महत्या केली. हीं चांदीचीं नाणीं आज शंभराच्या आसपास उरलीं आहेत. सोन्याचीं बोटांवर मोजण्याइतकीं. त्यांतील एक २०२० सालीं लंडनमध्यें पंचवीस लाखांहून अधिक पौंडांस विकलें गेलें. पुढें त्याच्या मालकीचा सांगितलेला इतिहास बनावट ठरला, व २०२३ सालीं तें ग्रीसला परत देण्यांत आलें. ब्रूटस पडला तें फिलिप्पी आज त्याच देशांत आहे.