जुनी कार्यप्रणाली आणि मोठी हार्ड डिस्क

पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जुन्या आयएसएम प्रणालीवर टंकलिखित केलेली निकालपत्रके ज्या शाळांत आहेत, तेथे ती उघडण्यासाठी विंडोज एक्सपी राखून ठेवण्याची गरज भासते. जुनी हार्ड डिस्क निकामी झाली की नवी मिळते ती ५०० गिगाबाइटांची वा त्याहून मोठी, आणि घोटाळा होतो तो येथेच.

२००१ सालच्या मूळ एक्सपीस डिस्कवरील खणांचे क्रमांक केवळ २८ द्विमान अंकांत लिहिता येतात. म्हणजे खण २६,८४,३५,४५६. प्रत्येकी ५१२ बाइट. एकूण सुमारे १३७ गिगाबाइट. जनरल रजिस्टरात क्रमांकास तीनच घरे आहेत अशी कल्पना करावी. हजाराव्या मुलाचा क्रमांक ००० असा पडेल व आरंभीची नोंद खोडली जाईल. दुसऱ्या संगणकावर संपूर्ण डिस्कचा एकच विभाग पाडून ती अशा एक्सपीस जोडल्यास हाच धोका संभवतो. डिस्कच्या आरंभी तर तिच्या विभागांचा तक्ताच असतो!

सबब, २००२ सालचा सर्व्हिस पॅक १ किंवा त्यापुढील पॅक अंतर्भूत असलेली सीडी वापरावी. ती नसल्यास पहिला विभाग १२० गिगाबाइटांचा पाडावा, प्रणाली बसवून पॅक चढवावा, मगच उरलेली जागा विभागावी. २ टेराबाइटांहून मोठी डिस्क या कामी घेऊच नये. डिस्क मुळीच दिसत नसेल, तर बायॉसमध्ये साटाची पद्धत आयडीई अशी करून पाहावी. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्ये थांबली असल्याने हा संगणक इंटरनेटला जोडू नये.