पहिलं ताट त्या घरी

ज्या घरी वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथं दिवाळीला कढई चढत नाही. मग शेजारीपाजारी, नातलग फराळाचा डबा पोचवतात. मैत्रिणींनो, गोव्यातल्या कॅथलिक घरांतही नाताळात अशीच रीत आहे.

नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ म्हणजे आगमनकाळ. येशूजन्माची वाट पाहायची, प्रार्थना करायची, गरजवंताला हात द्यायचा. या दिवसांत धर्मगुरू जांभळी वस्त्रं घालतात. तिसऱ्या रविवारी मात्र पुष्कळ ठिकाणी गुलाबी दिसतात, कारण तो आनंदाचा रविवार!

घरात बायका-मुलं एकत्र बसून काट्यावर नाहीतर कंगव्यावर कुलकुलं वळतात, नेवऱ्या भरतात, दोदोल घोटतात. मग ताटं शेजारी जातात, हिंदूंच्या घरीसुद्धा. या ताटाला ‘कोन्सुआद’ म्हणतात. सुतकाच्या घरात गोडधोड होत नाही, म्हणून तिथं आठवणीनं पाठवायचं.

आपण म्हणतो, “महागाई केवढी! उरलं तर देऊ.” खरं सांगू? अडचण पैशांची नसतेच. त्या घरी जाऊन बोलायचं काय, याचाच संकोच वाटतो. पण हातात डबा असला की पाऊल उचलतं. बोलायला नाही सुचलं, तर घटकाभर नुसतं बसावं. त्या माउलीला बरं वाटतंच, आणि घरी परतताना आपलाही जीव हलका होतो.

तेव्हा यंदा चार कुलकुलं का होईना, पहिली त्या घरासाठी काढा. आणि मुलांच्या हाती धाडू नका हं, स्वतः जा!