एकाच यकृतावर दोन भार

समजा, एका रुग्णाचे वजन 130 किलो आहे आणि त्याच्या यकृतात 'हेपटायटिस सी'चे विषाणू कित्येक वर्षे ठाण मांडून बसले आहेत. वजन उतरवण्यासाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी का?

यकृताच्या पेशींत साठलेली जादा चरबी दाह निर्माण करते. विषाणूंमुळेही दाहच होतो. दाहाने झालेली इजा भरून येताना तेथे व्रणासारखे तंतू तयार होतात. हे तंतू सर्वत्र पसरले की यकृत कठीण होते. यालाच 'सिऱ्होसिस' म्हणतात. चरबी आणि विषाणू एकत्र असले, तर ही वाटचाल अधिक वेगाने होते.

मग वजन भराभर उतरवले की झाले? तसे नाही. 1950 नंतरच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेत लहान आतड्याचा बहुतेक भाग अन्नमार्गातून वगळण्याची शस्त्रक्रिया करीत. वजन झपाट्याने उतरे. पण काही रुग्णांचे यकृतच निकामी झाले. प्रथिनांची कमतरता आणि वगळलेल्या आतड्यात माजलेले जीवाणू ही त्याची कारणे मानली जातात. ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली.

आज बहुधा जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्या भागाची नळी करतात. आतडे जागेवरच राहते. वजनाबरोबर यकृतातील चरबीही घटते. विषाणू मात्र शस्त्रक्रियेने जात नाहीत. त्यांना औषधेच हवीत. 2013 नंतर आलेल्या गोळ्यांनी 'सी'चा संसर्ग बहुसंख्य रुग्णांत 8 ते 12 आठवड्यांत बरा होतो. 'बी'चा विषाणू सहसा फक्त दबून राहतो. त्यामुळे त्याची औषधे चालू असतील, तर ती शस्त्रक्रियेनंतरही स्वतःहून थांबवणे धोक्याचे ठरते.

म्हणून डॉक्टर आधी पाहतात, ते यकृत किती कठीण झाले आहे हे. त्यासाठी पोटावर यंत्र टेकवून यकृतात सूक्ष्म कंपने सोडतात. यकृत जितके कठीण, तितकी कंपने वेगाने पुढे सरकतात. सिऱ्होसिस होऊन पोटात पाणी साठू लागले असेल, तर शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते. यकृताचे काम नीट चालू असेल, तर योग्य रुग्णात ती करता येते.

दोरी अधिक ताणली की तिच्यातून लाट जलद जाते, हे आपण वर्गात सहज दाखवतो. कंपनांचा वेग आणि माध्यमाचा ताठपणा यांचे हेच नाते येथे एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यास मदत करते.